एक मेच्या कार्यक्रमातून गिरणी कामगाराला वगळू नका : ब्रिटनमधल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
ब्रिटनमधल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणींचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी वेस्ट यॉर्कशरमध्ये गेली वीसहून अधिक वर्षं नर्स आहे आणि जवळजवळ तेवढीच वर्षं तुमच्यातल्या एका मंडळाची सभासद आहे. गणपतीला शेकड्यांनी मोदक वळले, संक्रांतीचं वाण लुटलं, नव्याने आलेल्या मुलींना घर मिळेपर्यंत माझ्या घरी ठेवून घेतलं. मंडळ म्हणजे मला माहेर वाटतं. म्हणून ज्या मंडळात ही गोष्ट घडली त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ती तुमच्यापैकी कुठल्याही मंडळात घडू शकली असती, आणि हे पत्र सगळ्यांना लिहिण्याचं कारण तेच आहे.

यंदाच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात मला चाळीस मिनिटं मिळाली होती. विषय मी जानेवारीत लेखी कळवला होता : बेन टर्नर, साच्यावरून (म्हणजे गिरणीतल्या मागावरून) महापौरपदापर्यंत गेलेला बॅटलीचा विणकर. कार्यकारिणीने होकार दिला. मी तीन महिने सुट्टीच्या दिवशी वाचनालयात बसून टिपणं काढली, जुनी चित्रं जमवली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तीन ओळींची ईमेल आली. विषय जड आहे, आपल्या लोकांशी त्याचा संबंध नाही, शिवाय युनियन म्हटलं की राजकारण येतं, म्हणून कार्यक्रम रद्द. ती वेळ प्रायोजकांच्या सत्काराला आणि एका जास्तीच्या नाचाला दिली गेली. मी फोन केला तेव्हा एक पदाधिकारी म्हणाले, "ताई, वर्षातून एक दिवस लोक मजा करायला येतात. गिरणी-बिरणी कशाला? त्या चाळीतून बाहेर पडायलाच तर आपण इथे आलो ना?"

त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. ते अगदी सहज बोलून गेले. त्या रात्री मला झोप आली नाही.

मी लालबागच्या चाळीत वाढले. माझे बाबा पाटण तालुक्यातून मुंबईला आले, गावकीच्या गाळ्यात वळकटी टाकून राहिले, काही वर्षं बदली कामगार म्हणून रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहिले, आणि मग कायम झाले. ते साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होते. चाळीतली अर्धी बिऱ्हाडं हळूहळू गावाला गेली. आई डबे करून द्यायची. बाबा पुन्हा साच्यावर कधीच उभे राहिले नाहीत. नंतर बारा वर्षं ते एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन होते, आणि माझ्या नर्सिंगची फी त्या फाटकावरून आली. चाळीतून बाहेर पडण्याबद्दल मला कुणी सांगावं असं काही उरलेलं नाही.

बेन टर्नर हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते वॉर्डात. नव्वदीच्या घरातली एक आजी भरती होती. ती बोलताना ओठ मोठमोठे हलवायची आणि समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायची. इतर नर्सना ते विचित्र वाटायचं. मला ते घरचं वाटलं, कारण माझे बाबा तसेच बोलायचे. शेकडो साचे एका छताखाली चालत असतात तिथे शब्द ऐकू येत नाही, तो दिसावा लागतो. काही वर्षांत कान जातात आणि ओठ वाचायची सवय मात्र जन्मभर राहते. मी आजीला विचारलं, "तुम्ही विणकर होता का?" ती एवढी खुश झाली! मग रोज थोडं थोडं सांगायची. तिच्या घरात बेन टर्नरचं नाव आदराने घेतलं जायचं. आपल्यातला माणूस, ती म्हणायची. आपल्यातला माणूस महापौर झाला होता.

तुमच्या तीन ओळींच्या ईमेलमुळे जे सभागृहात सांगता आलं नाही, ते आता इथे सांगते.

बॅटली हे लीड्सच्या दक्षिणेचं छोटं गाव. त्याची ओळख चिंध्यांमुळे झाली. साधारण १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ नावाच्या तिथल्या माणसाने जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून त्यांचा पुन्हा धागा काढण्याची रीत बसवली. त्या कापडाला शॉडी म्हणतात. युरोपभरच्या चिंध्या गाड्या भरभरून बॅटली आणि शेजारच्या ड्यूजबरीला यायच्या. बाया दिवसभर धुळीत बसून त्या निवडायच्या, बटणं उसवायच्या, शिवणी कापायच्या, रंगाप्रमाणे ढीग लावायच्या. त्या चिंध्यांतून गरिबांचे कोट निघाले, सैनिकांचे गणवेश निघाले, घोंगड्या निघाल्या. पुढे इंग्रजीत शॉडी या शब्दाचा अर्थच भिकार, निकृष्ट असा झाला. ज्या कामावर हजारो घरं जगली त्या कामाचं नाव शिवीसारखं वापरलं जातं, याचं मला अजून वाईट वाटतं. आज हा धंदा आपल्या देशात, पानिपतला मोठ्या प्रमाणावर चालतो. पानिपत म्हटलं की मराठी माणसाला १७६१ आठवतं. तिथे आज जगभरच्या टाकून दिलेल्या स्वेटरांपासून घोंगड्या बनतात, हेही आपल्या मुलांना माहीत असायला हरकत नाही.

बेन टर्नरचा जन्म १८६३ चा, होमफर्थजवळच्या डोंगरातल्या वस्तीतला. आईबाप विणकर. दहाव्या वर्षी तो गिरणीत लागला, तोही अर्धवेळ. त्या काळी कायदाच तसा होता : पोराने अर्धा दिवस गिरणीत राबायचं आणि अर्धा दिवस शाळेत बसायचं. दमलेलं पोर शाळेत काय शिकत असेल ते वेगळं सांगायला नको. ही पद्धत मोडायला इंग्लंडला १९१८ चा शिक्षण कायदा यावा लागला. आणि आपल्याकडे? १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने हिंदुस्थानात सात वर्षांच्या मुलाला कामावर घेण्याची मुभा होती, दिवसाला नऊ तास. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडत होते, आणि त्यांच्या धडपडीमुळे १८९० मध्ये कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. तुम्ही तुमचे सगळे कार्यक्रम रविवारी ठेवता. तो रविवार आपल्या माणसांना कुणी मिळवून दिला, हे व्यासपीठावरून एकदाही सांगितलं गेलेलं मी ऐकलेलं नाही.

१८८३ मध्ये हडर्सफील्डच्या विणकरांनी दरावरून संप केला. टर्नर तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता. तिथून तो संघटनेत ओढला गेला तो कायमचाच. घरोघर वर्गणी गोळा करणं, सभा लावणं, कामगारांच्या साप्ताहिकात बातम्या लिहिणं. ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम मिलमध्ये १८९० च्या डिसेंबरात पगारकपातीविरुद्ध संप झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. संपकऱ्यांच्या मदतीला धावलेल्या पुढाऱ्यांत टर्नर होता. तो संप कामगार हरले. भूक जिंकली. पण त्या पराभवातून ब्रॅडफर्डच्या कामगारांना कळलं की नगरपालिकेत आणि पार्लमेंटात आपली माणसं नसतील तर पोलीसही मालकाचे आणि सभेचं मैदानही मालकाचं. १८९३ मध्ये त्याच ब्रॅडफर्डमध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टी स्थापन झाली. हरलेल्या संपातून काय उगवू शकतं, हे संपात हरलेल्या घरातल्या मुलीला कुणी आधी सांगायला हवं होतं.

टर्नर बॅटलीत स्थायिक झाला आणि तिथल्या नगरपालिकेत निवडून येऊ लागला. विचार करा, ज्या सभागृहात गिरणीमालक, त्यांचे वकील आणि मोठे व्यापारी बसायचे, तिथे दहाव्या वर्षी सूत सांधणारा माणूस येऊन बसतो. पाण्याचा दर, गटारं, कामगारांची घरं, शाळा या विषयांवर बोलतो. नगरसेवकाचं काम असंच असतं, टाळ्यांचं नसतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅटलीने त्याला महापौर केलं. तेव्हा गावातल्या गिरण्या खाकी कापडासाठी रात्रंदिवस चालत होत्या आणि त्याच गावातली पोरं ती खाकी घालून फ्रान्सला मरायला जात होती. ब्रिटिश महापौराच्या गळ्यात पदाची साखळी असते, तुम्ही पाहिली असेल. दिवाळीच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून बोलावलेल्या महापौरांबरोबर तुम्ही सगळ्यांनीच फोटो काढले आहेत. ती साखळी एका विणकराच्या गळ्यात पडायला किती माणसांनी किती वर्षं वर्गणी भरली असेल, एवढंच मला त्या दिवशी सांगायचं होतं.

त्या वर्गणीत बायांचा वाटा मोठा होता. १८७५ मध्ये, टर्नर अजून पोर असताना, बॅटली-ड्यूजबरीच्या विणकरांनी पगारकपातीविरुद्ध संप केला. त्या संपाची समिती बायांची होती. टर्नर पुढे ज्या संघटनेचा प्रमुख झाला, तिची मुळं याच संपात आहेत, आणि तिचा इतिहास त्यानेच १९२० मध्ये लिहिला. तो स्त्रियांच्या मताधिकाराचा पाठीराखा होता, यॉर्कशरच्या बोलीत कविता करायचा. बोलीत! आपल्याकडे अजून व्यासपीठावर कुणी बोलीत बोललं की पहिल्या रांगेत हसतात.

पुढे तो १९२२ मध्ये बॅटली आणि मॉर्लीचा खासदार झाला, १९२४ ला पडला, १९२९ ला पुन्हा आला, लेबर सरकारात खाण खात्याचा मंत्री झाला. १९३१ मध्ये सर झाला, त्याच वर्षी निवडणूक हरला. १९४२ मध्ये वारला.

आता तुम्ही म्हणता तो "आपल्या लोकांशी संबंध". १९२८ हे साल घ्या. टर्नर तेव्हा ट्रेड्स युनियन काँग्रेसचा, म्हणजे ब्रिटनमधल्या कामगार संघटनांच्या महासंघाचा अध्यक्ष होता. १९२६ चा सार्वत्रिक संप फसल्यावर त्याने रसायन उद्योगातले बडे मालक आल्फ्रेड माँड यांच्याबरोबर वाटाघाटी केल्या. कामगार आणि मालक यांनी एका टेबलाशी बसून उद्योग सावरावा असा त्याचा विचार होता. खाणकामगारांचे पुढारी ए. जे. कुक यांनी याला उघड शरणागती म्हटलं. त्याच वर्षी मुंबईत गिरणीमालकांनी विणकराला दोनऐवजी तीन साचे बघायला सांगितले, आणि दीड लाखाच्या आसपास कामगारांनी एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने संप केला. त्या संपातच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. एकीकडे माँडशेजारी खुर्ची ओढून बसलेला टर्नर, दुसरीकडे परळच्या मैदानात उपाशी बसलेली माझ्या आजोबांच्या पिढीची माणसं.

यात मी टर्नरला पाठीशी घालत नाही. मार्च १९२९ मध्ये मुंबईच्या संपाचे पुढारी पकडून मीरतला नेले गेले, आणि त्यांच्यावरचा कटाचा खटला पुढे लेबर सरकारच्या काळातही तसाच चालू राहिला. टर्नर त्या सरकारात मंत्री होता. मीरतच्या आरोपींमध्ये शां. स. मिरजकर होते. १९३३ मध्ये त्यांना शिक्षा झाली. आणि १९५८ मध्ये तेच मिरजकर मुंबईचे महापौर झाले. संयुक्त महाराष्ट्र समितीने महापालिका जिंकली होती आणि ज्या मतांवर ती जिंकली त्यातली किती मतं लालबाग, परळ, नायगाव, वरळीच्या चाळींतली होती हे माझ्या बाबांना तोंडपाठ होतं. मिरजकर विणकर नव्हते, गिरणी कामगारांचे पुढारी होते. पण चाळीला ते आपलेच वाटले. गिरणी कामगारांच्या दोन पुढाऱ्यांचं महापौरपद : एक बॅटलीचं, एक मुंबईचं. पहिला ज्या सरकारात बसला त्या सरकारने दुसऱ्याला तुरुंगात ठेवलं. याहून जवळचा संबंध कुठला हवा होता तुम्हाला? हा गुंता मला सभागृहात, मुलांसमोर मांडायचा होता. यातला कोण चांगला आणि कोण वाईट हे ठरवायला मी येणार नव्हते. मोठ्या माणसांनाही अशा गुंत्यात जगावं लागतं, एवढं मुलांच्या कानावर पडलं असतं.

आता माझी गाऱ्हाणी.

पहिलं गाऱ्हाणं तारखेचं आहे. एक मे हा महाराष्ट्र दिन आहे आणि कामगार दिनही आहे. १९६० साली मुंबईसह महाराष्ट्र मिळाला तो मिळवायला रस्त्यावर कोण उतरलं होतं? हुतात्मा चौकातल्या नावांत गिरणी कामगार आहेत. त्या दिवशी फेटे बांधायचे, ढोल वाजवायचे, तुतारी फुंकायची आणि कामगार या शब्दाला जड विषय म्हणून दाराबाहेर ठेवायचं, हे मला मान्य नाही. मला ढोल नको असं अजिबात नाही. मी स्वतः लेझीम खेळते. बाबांच्या गावमंडळातच शिकले.

दुसरं, राजकारणाचं कारण. मी शंभर वर्षांपूर्वीच्या एका विणकराबद्दल बोलणार होते. मंडळाच्या व्यासपीठावर भारतातून आलेले आजचे राजकीय पाहुणे हार घालून बसवले जातात, त्यांची भाषणं होतात, तेव्हा राजकारणाची अडचण कुणाला आठवत नाही. नियम असेल तर तो सगळ्यांना सारखा लावा.

तिसरं, दिलेला शब्द. होकार जानेवारीत दिला, नकार एप्रिलच्या अखेरीस, आणि कारण विचारायला मलाच फोन करावा लागला. हॉस्पिटलमध्ये मी तीन महिने रजा अदलाबदल करून दिवस काढले होते. स्वयंसेवकाच्या वेळेला किंमत नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढच्या गणपतीला मोदक कोण वळतं ते एकदा बघावं.

चौथं गाऱ्हाणं सांगताना मला संकोच वाटतो, कारण त्यात मीही आहे. बॅटली आणि ड्यूजबरीला १९५० आणि ६० च्या दशकांत गुजरात, पंजाब आणि पाकिस्तानातून माणसं आली आणि इथल्या लोकरीच्या गिरण्यांत, बऱ्याचदा रात्रपाळीला, उभी राहिली. इंग्रज कामगार ज्या पाळीला येईनासे झाले ती पाळी त्यांनी चालवली. आपण मराठी माणसं डॉक्टर, नर्स, इंजिनियर म्हणून नंतर आलो, वेगळ्या वस्त्यांत राहिलो आणि त्या म्हाताऱ्यांना कधी विचारलं नाही, "काका, कुठल्या खात्यात होता?" मी वीस वर्षं त्यांची रक्तदाबाची पट्टी बांधते आहे. मीही फार थोड्यांना विचारलं. त्यांच्यातले बरेच आता गेले.

बाबा २००६ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे आले होते. मी त्यांना लंडन दाखवलं, राजवाडा दाखवला, नदीवरून बोटीने फिरवलं. ते सगळीकडे बरं म्हणत राहिले. मग एक दिवस सहज बॅटलीतून जाताना गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला जुनी दगडी गिरणी होती, आत आता दुकानं आहेत. तिच्या मागे करवतीच्या दातांसारखं छप्पर दिसत होतं, एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला काच. ते बघून बाबा म्हणाले, "हितं साचाखातं व्हतं बघ." मी विचारलं कशावरून. तर म्हणाले, काच उत्तरेला आहे. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, ऊन थेट कापडावर पडत नाही, तुटलेला धागा चटकन दिसतो. आणि साचे हादरतात म्हणून साचाखातं माडीवर नसतं, जमिनीवरच असतं. मुंबईत अशीच छपरं होती, माझ्याही लहानपणी मी ती रोज बघितली होती आणि ती तशी का असतात हे मला त्या दिवशी, सातासमुद्रापार, तेहेतिसाव्या वर्षी कळलं. बाबा गाडीतून उतरले, त्या भिंतीला हात लावून थोडा वेळ उभे राहिले. "ह्यांचीबी दुकानं झाली व्हय," एवढंच म्हणाले. तीन वर्षांनी ते गेले. त्यांच्या डोक्यात असं किती काय होतं, आणि मी एक तासही त्यांचा आवाज टेपवर घेतला नाही.

यापुढच्या मागण्या त्या दिवसामुळे आहेत.

पुढच्या एक मेला, प्रत्येक मंडळाच्या कार्यक्रमात, अर्धा तास कामगारांच्या इतिहासाला द्या. मलाच द्या असं मी म्हणत नाही. लोखंड्यांवर कुणी बोलावं, १९८२ च्या संपावर बोलावं, सोलापूर-इचलकरंजीच्या मागांवर बोलावं, किंवा आपण राहतो त्या इंग्रज गावातल्या गिरणीवर, खाणीवर, गोदीवर बोलावं. एकदा जाहीर केलेला अर्धा तास प्रायोजकासाठी कापला जाऊ नये, असा ठराव कार्यकारिणीने करावा आणि तो सभासदांना कळवावा.

मंडळाच्या वार्षिक सहलीत दर दोन-तीन वर्षांनी एक गिरणीचं गाव असावं. उत्तरेकडच्या मंडळांना हे अगदीच सोपं आहे. ब्रॅडफर्डचं औद्योगिक संग्रहालय जुन्या गिरणीतच आहे, लीड्सची आर्मली मिल आहे, बॅटलीत बॅगशॉ संग्रहालय आहे, जे एका गिरणीमालकाचं घर होतं आणि नगरपालिकेने ते गावासाठी खुलं केलं. मुलांना साच्याजवळ उभं करा. चालू साच्याचा आवाज एकदा कानावर पडला की दहा भाषणांचं काम होतं.

मराठी शाळांमध्ये मुलांना आजी-आजोबांच्या कामावर एक धडा लिहायला सांगा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे आईवडील किंवा आजोबा गिरणीत, गोदीत, रेल्वेत, बीएसटीत, प्रेसमध्ये होते, हे मला माहीत आहे. गप्पांमध्ये, रात्री उशिरा, भांडी आवरताना तुम्हीच ते मला सांगितलं आहे. व्यासपीठावरून परिचय वाचताना मात्र ते वगळलं जातं.

आणि सगळ्यात निकडीची मागणी : आवाज जमवा. दर उन्हाळ्यात आपले आईवडील सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात, दुपारभर घरात बसून कंटाळतात. प्रत्येक मंडळाने दोन माणसं नेमावीत, फोनवरचं रेकॉर्डिंग पुरतं, आणि ज्यांनी गिरण्यांत काम केलं त्यांना बोलतं करावं. कुठलं खातं, किती साचे, पहिला पगार किती, भोंगा किती वाजता व्हायचा, जॉबर (कामगार भरणारा मुकादम) कसा होता, संपात घर कसं चाललं. तसंच बॅटली, ड्यूजबरी, ब्रॅडफर्ड, ओल्डहॅमच्या गुजराती आणि पंजाबी काकांकडे जावं. हिंदीत बोला, तेही बोलतील. ज्या संग्रहालयांना आणि वाचनालयांना हे रेकॉर्डिंग हवं असेल त्यांना माणसाच्या परवानगीने द्यावं. १९८२ ला जे पंचविशीत होते ते आज सत्तरीजवळ आहेत. याला वेळ नाही.

शेवटची मागणी माझ्यापुरती आहे. ज्या मंडळाने माझा कार्यक्रम रद्द केला, त्याने तो का रद्द केला हे सभासदांच्या सभेत सांगावं. "चाळीतून बाहेर पडायला आलो" हे वाक्य ज्यांनी म्हटलं त्यांच्याकडून मला माफी नको. त्यांनी माझ्याबरोबर एक शनिवार बॅटलीला यावं. मी गाडी घेऊन येईन, डबा मी आणीन.

माझी टिपणं तयार आहेत, चित्रं तयार आहेत. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी बॅटलीच्या गिरणीसमोर सकाळी अकरा वाजता उभी असेन, पाऊस असला तरी. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी मुलांना घेऊन यावं. कार्यकारिणींनी आपलं उत्तर ऑगस्टअखेर सगळ्या सभासदांना कळवावं ही विनंती.

आपली नम्र,
एका विणकराची मुलगी, मंडळाची सभासद
वेस्ट यॉर्कशर